१९९० च्या मारुती ८०० मध्ये कंपनीचीच मूळ एसी यंत्रणा बसवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

अकोलेकर_८०० (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९९० सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजही ती मूळ रंगात, मूळ इंजिनावर, नियमित चालते. गाडी बिगर-एसी स्टँडर्ड प्रकारातली आहे. अलीकडेच इंजिनाचे पूर्ण काम करून घेतले असून तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे, रेडिएटर साफ करून घेतला आहे आणि खालचा पत्राही शाबूत आहे. अडचण आहे ती उन्हाळ्याची. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. आईवडिलांना दुपारी दवाखान्यात किंवा शेगावला न्यायचे म्हटले, तर काचा खाली केल्या की झळा लागतात आणि वर केल्या की जीव गुदमरतो. दोघेही ही गाडी सोडून दुसरीत बसायला तयार नाहीत, आणि खरे सांगायचे तर ती विकावी असे मलाही वाटत नाही.

येथील एका कारागिराने डॅशबोर्डखाली लोंबणारे बाजारातले तयार युनिट सुचवले आहे. मात्र त्यासाठी डॅशबोर्डला भोके पाडावी लागतील आणि पुढच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना जागा उरणार नाही. माझी इच्छा अशी आहे की त्याच पिढीतल्या ८०० च्या एसी प्रकारात कंपनीने जे भाग बसवले होते तेच मिळवून बसवावेत, म्हणजे बॉनेट उघडल्यावर गाडी कारखान्यातूनच तशी आली असावी असे दिसेल. जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. नेमके कोणकोणते भाग जमवावे लागतील? ७९६ सीसीचे, चाळीस अश्वशक्तीच्या आतले हे इंजिन आमच्याकडच्या उन्हात एसीचा भार पेलेल का? आणि त्या काळची यंत्रणा आर-१२ वायूवर चालत असे, तो आता मिळत नाही. मग काय करावे?

---

पुणे_शीतकरण

आपला विचार योग्य आहे आणि काम होण्यासारखे आहे. वाहनांच्या वातानुकूलनाच्या क्षेत्रात मी नोकरीची बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिला आग्रह असा, की सुटे भाग एकेक करून शोधू नका, एसी प्रकारातली एक अख्खी भंगार गाडी, म्हणजे भाग काढून घेण्यासाठीची 'डोनर' गाडी, शोधा. वायू दाबणारा कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि केबिनमधली हवा गार करणारी कूलिंग कॉइल हे तीन मोठे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत कोणीही काढून देईल, पण ते तिन्ही घरी आल्यावर निम्मेसुद्धा काम झालेले नसते. कॉम्प्रेसर ज्यावर बसतो ते ओतीव ब्रॅकेट, त्याचे वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट, पट्टा ताणणारी पुली, क्रँकवरची जास्तीच्या खाचेची पुली, कंडेन्सरच्या पट्ट्या, त्याचा स्वतंत्र पंखा, वाकवलेल्या धातूच्या नळ्या, त्या नळ्यांचे क्लॅम्प, फायरवॉलमधले, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकात बसणारे, रबरी ग्रोमेट, डॅशबोर्डावरचे बटण, रिले आणि वायरिंग या वस्तू सुट्या विकत मिळत नाहीत, आणि मिळाल्याच तर दुसऱ्या सालच्या गाडीच्या निघतात. ब्रॅकेट थोडे जरी वेगळे असले तरी कॉम्प्रेसरची पुली क्रँकच्या पुलीच्या रेषेत येत नाही. मग पट्टा कडेने झिजत राहतो आणि ओरडतो, आणि कारागीर वॉशर घालून घालून थकतो. अख्खी गाडी समोर असली की कोणता बोल्ट कुठे जातो हे विचारायलाही कोणाकडे जावे लागत नाही. वायरिंग कापून काढू देऊ नका. जोडण्यांसकट, फितीत गुंडाळलेली दोरी तशीच सोडवून घ्या.

आता इंजिनाच्या भाराविषयी. महामार्गावर कॉम्प्रेसर साधारण दोन ते तीन किलोवॅट, म्हणजे तीन-चार अश्वशक्ती खातो. चाळीस अश्वशक्तीच्या आतल्या इंजिनाला तो भार जाणवतो, चढावर खालचा गिअर लवकर टाकावा लागतो, पण गाडी चालते. या देशात याच इंजिनावरच्या एसी गाड्या वर्षानुवर्षे धावल्या आहेत. खरी परीक्षा गाडी उभी असताना होते. आयडलला इंजिनाकडे फाजील ताकद नसतेच, आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारी विजेवरची पकड) खटकन लागला की इंजिन थरथरते किंवा बंद पडते. यासाठी कंपनीने एसी प्रकारात 'आयडल-अप' दिले होते. एसीचे बटण दाबले की विजेवर चालणारा एक लहान व्हॉल्व्ह इंजिनाचा व्हॅक्यूम कार्ब्युरेटरवरच्या पडदा असलेल्या डबीकडे सोडतो, ती डबी थ्रॉटलची दांडी किंचित ओढते आणि फेरे हजाराच्या आसपास टिकतात. जुन्या गाडीत एसी बसवताना सर्वांत जास्त वेळा वगळला जाणारा भाग हाच आहे. त्याऐवजी आयडलचा स्क्रू कायमचा वर करून दिला जातो, आणि मग एसी बंद असतानाही गाडी विनाकारण रेस राहते, पेट्रोल खाते आणि पायाचा क्लच सोडताना धक्का देते. आपण डोनर गाडीतून ही डबी, तिची दांडी, व्हॉल्व्ह आणि नळ्या आठवणीने काढून घ्या. डबी तपासायची पद्धत सोपी आहे. तिच्या तोंडाला स्वच्छ रबरी नळी लावून तोंडाने हवा ओढावी आणि नळीचे टोक जिभेने बंद करावे. दांडी आत ओढली जाऊन तशीच थांबली तर पडदा चांगला आहे. हळूहळू बाहेर सरकली तर पडदा फाटलेला आहे.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. एसी उष्णता नाहीशी करत नाही, ती आतून उचलून गाडीच्या तोंडाशी आणून टाकते. कूलिंग कॉइलने केबिनमधून तीन किलोवॅट उष्णता घेतली, तर कॉम्प्रेसरने केलेले काम त्यात मिळवून कंडेन्सरला चारहून अधिक किलोवॅट बाहेर टाकावी लागते, आणि ही तापलेली हवा पुढे रेडिएटरवर जाते. अकोल्यात बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल, तर रेडिएटरला मिळणारी हवा त्याहून कितीतरी गरम असणार. म्हणून डोनर गाडीचा रेडिएटर आणि आपला रेडिएटर शेजारी ठेवून जाळीची जाडी मोजा. त्यांपैकी जाड असेल तोच, नवी जाळी घालून वापरा. पंख्याभोवतीचे आवरण फुटके नसावे. एसी सुरू असताना कंडेन्सरचा पंखा सतत चालला पाहिजे. अल्टरनेटरही एसी गाडीचाच घ्यावा, कारण ब्लोअर, पंखा आणि क्लचची कॉइल मिळून विजेची मागणी बरीच वाढते, आणि रात्री दिवे लावून हळू चालताना जुना अल्टरनेटर कमी पडू शकतो.

अँप्लिफायर नावाची छोटी डबी विसरू नका. कूलिंग कॉइलच्या पात्यांत खोचलेल्या थर्मिस्टरकडून ती तापमान वाचते आणि कॉइल गोठण्याच्या बेतात आली की कॉम्प्रेसरचा क्लच सोडते. ती नसेल तर कॉइलवर बर्फ धरतो, हवा अडते, आणि थंडावा थांबला म्हणून चालक ब्लोअर आणखी वाढवतो.

---

कोल्हापूर_गॅरेज

वरच्या उत्तरात कामाचा आराखडा आला आहे. प्रत्यक्ष काम करताना हाताशी काय येते ते मी लिहितो.

डोनर गाडी बघायला जाल तेव्हा कॉम्प्रेसर फिरतो की नाही एवढ्यावर समाधान मानू नका. क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवा; प्रत्येक फेऱ्यात एकसारखा, मऊ अडथळा जाणवला पाहिजे. मध्येच मोकळी सुटत असेल किंवा आत खरखर होत असेल तर तो कॉम्प्रेसर घेऊ नका. शाफ्टच्या सीलभोवती काळपट तेलकट थर असेल तर सील गेलेले आहे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते सुकतेच, त्यामुळे नवे सील गृहीत धरूनच किंमत ठरवा. तेल बाहेर काढून पांढऱ्या कपड्यावर घ्या. स्वच्छ पिवळसर असेल तर ठीक. राखाडी असून त्यात चमकणारे कण दिसले, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे आणि तो चुरा कंडेन्सरमध्ये, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलमध्ये वायू सोडणाऱ्या बारीक तोंडात), सगळीकडे पोहोचला आहे, असे समजा. तशा गाडीतून फक्त ब्रॅकेट, पुल्या आणि वायरिंग घ्यावे.

गाडीच्या आत काम करण्याआधी पुढची मॅट आणि फायरवॉलवरचे जाड अस्तर उचलून पाहा. नळ्यांच्या जागी पत्र्यात झाकण लावलेले भोक आहे का, हे पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. भोक नसेल, तर डोनर गाडीच्या फायरवॉलचा ठसा पुठ्ठ्यावर घेऊन तंतोतंत त्याच जागी पाडा, कडा कानसीने गुळगुळीत करा, प्रायमर आणि रंग द्या, आणि तो पूर्ण सुकल्यावरच ग्रोमेट बसवा. उघड्या कडेवर रबर बसवले की त्याच्या आड गंज वाढतो आणि तो दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो.

सर्वांत काळजीने करायची गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ साचते आणि ते पाणी युनिटच्या तळातल्या नळीने गाडीखाली पडते. ही नळी पुरेशा उताराने गेली पाहिजे आणि तिचे टोक पत्र्याच्या बाहेर, सायलेन्सरपासून दूर निघाले पाहिजे. आमच्याकडे कोकणातून येणाऱ्या गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखालचा पत्रा कुजलेला असतो तेव्हा बहुधा ही नळीच तुंबलेली किंवा निसटलेली सापडते. पाणी नमद्यात मुरत राहते आणि वरून काही कळत नाही. युनिट बसवल्यावर, डॅशबोर्ड बंद करण्याआधी, कॉइलच्या डब्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते सगळे खाली पडते आहे हे स्वतः वाकून पाहा.

डबा बाहेर आहे तोवर कॉइलच्या पात्यांमधला पाला, केस, धूळ साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. डब्याच्या जोडांवरचा फोम सुकून भुगा झालेला असतो; तो नवा चिकटवा, नाहीतर थंड हवा डॅशबोर्डच्या पोटातच फिरत राहील.

---

ठाणे_पश्चिम

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते प्रश्नकर्त्यांनी विचारात घ्यावे अशी विनंती आहे. पस्तीस वर्षांचा कंडेन्सर, पस्तीस वर्षांचे होज (रबरी नळ्या) आणि पस्तीस वर्षांचा कॉम्प्रेसर यांवर पैसे घालून अखेर हाती काय येणार? त्या काळच्या कंडेन्सरमध्ये एकच लांब नळी नागमोडी फिरवलेली असे. आजच्या पॅरलल-फ्लो कंडेन्सरमध्ये वायू अनेक बारीक, चपट्या नळ्यांतून एकाच वेळी वाहतो आणि तेवढ्याच जागेत पुष्कळ जास्त उष्णता बाहेर टाकतो. मुंबई-ठाण्यात दमटपणा त्रास देतो, विदर्भात निव्वळ तापमान. आणि कंडेन्सरची क्षमता अपुरी पडते ती नेमकी अशा तापमानात. म्हणून ब्रॅकेट, कूलिंग युनिट आणि बटणे मूळची ठेवावीत, पण कंडेन्सर, होज आणि ड्रायर (यंत्रणेतला ओलावा शोषणारी डबी) नवे, आधुनिक घ्यावेत. ज्या वृद्ध माणसांसाठी हे काम चालले आहे, त्यांना गारवा मिळणे हे मूळपणापेक्षा महत्त्वाचे आहे.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. कंपनीच्या विक्री किमतीत समाविष्ट नसलेल्या विजेवरच्या जोडण्यांसाठी वेगळी तरतूद, म्हणजे आयएमटी-२४ हे कलम, पॉलिसीत जोडून घ्यावे लागते. अन्यथा अपघातानंतर एसीची नुकसानभरपाई मागता येत नाही.

---

अकोलेकर_८००

सर्वांचे मनापासून आभार. अमरावतीजवळ त्याच पिढीची एक एसी गाडी उभी आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत, इंजिन जाम झालेले आहे, पण एसीचे सगळे भाग जागेवर दिसतात. आयडल-अपची डबी आणि ब्रॅकेट मी स्वतः पाहिले. कॉम्प्रेसरची प्लेट सारखी फिरते. मालक गाडी पूर्ण द्यायला तयार आहेत. व्यवहार करण्याआधी वायूविषयीचा माझा तिसरा प्रश्न पुन्हा मांडतो. एका दुकानदाराने 'आर-१२ च्या जागी चालणारा' म्हणून एक वायू सुचवला आणि तेल किंवा ड्रायर काहीच बदलावे लागणार नाही, असे सांगितले. तो घ्यावा का?

---

पुणे_शीतकरण

तो वायू कृपया घेऊ नका. आर-१२ च्या जागी काहीही न बदलता चालणारे म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा प्रोपेन-ब्युटेनसारखे हायड्रोकार्बन मिश्रण असते, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भावंड. ते थंडावा चांगला देते, यात वाद नाही. पण आपल्या गाडीत कूलिंग कॉइल केबिनच्या आत, प्रवाशाच्या पायांजवळ आहे, आणि तिच्या शेजारीच कार्बन ब्रशवर चालणारी ब्लोअरची मोटर आहे, जिच्यात ठिणग्या पडतात. काचा बंद केलेल्या गाडीत आईवडील बसलेले असताना ही जोखीम घेण्याचे काहीही कारण नाही.

आर-१२ ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाला. भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. आज आपल्यासाठी योग्य पर्याय आर-१३४ए हाच आहे. तो सर्वत्र मिळतो आणि कोणत्याही गावातला एसी कारागीर तो भरू शकतो. मात्र तो घेतला की काही बदल अटळ आहेत.

तेलाचा बदल सर्वांत महत्त्वाचा. आर-१२ बरोबर खनिज तेल वापरत असत. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही, त्यामुळे तेल वायूबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, कॉइलच्या तळाशी साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून कॉम्प्रेसरमधले तेल पूर्ण काढा, कूलिंग कॉइल आणि नळ्या फ्लश करून नायट्रोजनने कोरड्या करा, आणि एस्टर तेल (आर-१३४ए बरोबर चालणारे कृत्रिम तेल) घाला. पॅग हे दुसरे कृत्रिम तेल नव्या यंत्रणेत उत्तम, पण जुन्या यंत्रणेत राहून गेलेले क्लोरीनचे अंश त्याला सोसत नाहीत. एस्टर त्या बाबतीत अधिक सहनशील आहे. ड्रायर नवाच घ्या आणि तो आर-१३४ए साठीचा आहे याची खात्री करा, कारण जुन्या ड्रायरमधले शोषक द्रव्य या वायूला योग्य नव्हते. त्याची टोपणे सर्वांत शेवटी, बाकी सगळे जोड आवळून झाल्यावर काढावीत. सर्व ओ-रिंगा एचएनबीआर रबराच्या, बहुधा हिरव्या रंगाच्या मिळतात, त्या तेल लावून बसवा.

कंडेन्सरच्या बाबतीत ठाण्याच्या सदस्यांशी मी पूर्ण सहमत आहे. कारण आकड्यांतच आहे. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरमधला वायू ६५ अंशांच्या आसपास द्रवरूप होतो, असे धरू. त्या तापमानाला आर-१२ चा दाब सुमारे २३० पीएसआय (दाबाचे एकक) असतो, तर आर-१३४ए चा सुमारे २६० पीएसआय. म्हणजे त्याच जुन्या कंडेन्सरवर कॉम्प्रेसरला अधिक जोर लावावा लागतो, आणि तो जोर त्या लहान इंजिनातूनच येतो. पॅरलल-फ्लो कंडेन्सर मूळच्या पट्ट्यांवर, पत्र्याला नवे भोक न पाडता बसेल अशा मापाचा घ्या, आणि मूळ कंडेन्सर गुंडाळून माळ्यावर ठेवा. जाळीच्या आड तो कोणाला दिसत नाही. होजच्या बाबतीत मात्र धातूची मूळ टोके वाचवता येतात. जुने रबर कापून, त्याच टोकांवर नव्या बॅरियर होजचा (वायू झिरपू न देणाऱ्या नळीचा) तुकडा दाबून देणारे कारागीर पुण्यात आणि नागपुरात आहेत. ड्रायर निवडताना त्यावर कमी आणि जास्त, दोन्ही दाबांना क्लच तोडणारा स्विच असलेलाच निवडा.

वायू भरण्यापूर्वी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासा, आणि शक्य असल्यास दाब रात्रभर तसाच राहू द्या. मग व्हॅक्यूम. कारागिराला घाई करू देऊ नका. आत राहिलेले पाणी ३० अंशांना उकळून बाहेर पडायचे असेल, तर आतला दाब वातावरणाच्या सुमारे चार टक्क्यांवर यावा लागतो, आणि पंप किमान पाऊण तास चालला पाहिजे. पंप बंद केल्यावर मीटरचा काटा जागेवर राहतो का, ते पाहा. आर-१३४ए चे वजन मूळच्या आर-१२ च्या ८० ते ८५ टक्के असावे. ते काट्यावर मोजून भरावे. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे पाहून भरण्याची जुनी रीत या वायूला लागू पडत नाही, आणि बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिल्यास वायू जास्त होतो. भरण्याच्या जुन्या तोंडांवर आर-१३४ए चे अडॅप्टर कायमचे बसवा आणि बॉनेटखाली वायूचे नाव, वजन व तेलाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे उद्या दुसऱ्या कारागिराच्या हातून चुकीचे मिश्रण होणार नाही.

---

कोल्हापूर_गॅरेज

अमरावतीची गाडी घ्यावी असे मला वाटते. प्लेट सारखी फिरते आणि आयडल-अप जागेवर आहे, हे दोन्ही एकत्र सहसा मिळत नाही. फक्त तेलाची कपड्यावरची परीक्षा सौद्याआधी करून घ्या.

काम पूर्ण झाल्यावर चाचणी सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी गाडी सावलीत उभी करून, कमी व जास्त दाबाचे दोन्ही मीटर लावून, ब्लोअर पूर्ण ठेवून इंजिन दीड हजार फेऱ्यांवर धरा. बाहेर ३५ अंशांच्या आसपास तापमान असेल, तर कमी दाबाकडे साधारण २५ ते ३५ आणि जास्त दाबाकडे २०० ते २४० पीएसआय यावेत. नंतर आयडलवर सोडून पंधरा मिनिटे तशीच उभी ठेवा आणि पाण्याच्या तापमानाचा काटा पाहा. तो मध्यावरून वर सरकू लागला तर आधी पंख्याची दिशा आणि कंडेन्सर-रेडिएटरमधली फट तपासा, कारण त्या फटीतून गरम हवा मागे फिरून पुन्हा पुढे येते, आणि फोमची एक पट्टी लावली की बऱ्याचदा एवढ्यानेच काटा खाली येतो. त्या दिवशीचे बाहेरचे तापमान, दोन्ही दाब आणि जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान वहीत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याच उन्हात दोन्ही दाब उतरलेले दिसले, तर कुठेतरी गळती आहे. मग वायू वरून भरण्याआधी ती शोधून घ्या.